मोटारीत बर्फ कोठून आला?

विदर्भातला उन्हाळा कसा असतो हे तुमच्यापैकी पुष्कळांना अनुभवाने किंवा निदान ऐकून तरी ठाऊक असेल. वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढतो, भर दुपारी रस्ते ओस पडतात आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या दाराला हात लाववत नाही. अशा उन्हाळ्यात आमच्या जुन्या मोटारीतील वातानुकूलन यंत्राने, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ‘एसी’ने, एकदाही तक्रार केली नाही. तक्रार केली ती जुलैमध्ये, पावसाची झड लागलेली, बाहेर जेमतेम २५ अंश तापमान असताना. आणि तीही कसली? तर यंत्र गोठले!

झाले असे, की आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि तपासणीसाठी तिला नागपूरला न्यायचे होते. वर्ध्याहून नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटर. पवनारला धाम नदी गढूळ पाण्याने फुगून वाहत होती. आई म्हणाली, “पंखा एकवरच ठेव, डोळ्यावर वारा येतो. अन् बाहेरची हवा येऊ दे थोडी, कोंडल्यासारखं होते.” मी दोन्ही गोष्टी केल्या. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

सेलू मागे पडले आणि हवेचा झोत मंदावू लागला. मी पंखा दोनवर नेला, तीनवर नेला, शेवटी चारवर. आवाज वाढला, वारा मात्र वाढेना. थोड्या वेळात पुढच्या काचेवर आतून धुके धरले. पाऊस बाहेर पडत होता, पण वायपरचा उपयोग नव्हता, कारण ओल आतल्या बाजूला होती. पुढे एक ट्रक चिखलपाणी उडवीत चालला होता. त्याच्या आणि आमच्या मध्ये एक मोटारसायकल आहे हे मला दिसले, तेव्हा ती फारच जवळ आली होती. ब्रेक लागला, काही झाले नाही; पण हातपाय गार पडले. केळझरजवळ एका चहाच्या टपरीपाशी मी गाडी बाजूला घेतली.

चहा होईस्तोवर वीसेक मिनिटे गेली. परत येऊन पाहतो तर गाडीखालून डाव्या बाजूने पाण्याची धार लागलेली. एसी चालू असताना थेंब थेंब पाणी पडते हे आपण नेहमी पाहतो, पण ही तांब्याभर पाणी कोणी ओतावे तशी धार होती. गाडी सुरू केली, तर झोत पहिल्यासारखा जोरदार आणि थंडगार! आनंद फार टिकला नाही. बुटीबोरीच्या अलीकडे पुन्हा तोच प्रकार.

नागपूरला तपासणी आटोपल्यावर एका गॅरेजात गाडी दाखवली. तेथील माणसाने बॉनेटही न उघडता सांगितले, “सर, गॅस कमी झाला. भरून टाकू.” मी मनात म्हटले, गॅस कमी झाला तर थंडावा कमी होईल, बर्फ कसा होईल? भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे अगदी उघड वाटले. मी नको म्हणून सांगितले आणि निघालो. गॅस न भरण्याचा माझा निर्णय पुढे बरोबर ठरला, पण त्यासाठी मी मनात धरलेले कारण साफ चूक होते. गॅस कमी झाल्यानेही बर्फ होऊ शकतो. तो कसा, हे पाहण्यापूर्वी हे यंत्र काय करते ते पाहू.

विदर्भात घरोघरी कूलर असतो. त्याच्या ताट्यांवर पाणी झिरपते, कोरडी हवा त्यांतून आत ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. हवा थंड होते, पण दमटही होते. एसीतही बाष्पीभवनच असते. मात्र उकळणारा द्रव बंद नळ्यांत असतो, तो हवेत मिसळत नाही. आजही रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक मोटारींत हा द्रव म्हणजे आर-१३४ए. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा काँप्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो. रेडिएटरपुढच्या जाळीत ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होते. हा द्रव एका अरुंद झडपेतून एकदम कमी दाबात सोडला, की डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. या कॉइलच्या नळ्यांना ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या दाटीवाटीने जोडलेल्या असतात. पंखा त्यांमधून हवा ढकलतो आणि ती थंड होऊन आपल्या अंगावर येते.

आता हवेतल्या पाण्याकडे वळू. वर्ध्याच्या मे महिन्यात तापमान ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता समजा १२ टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत जवळजवळ ८ ग्रॅम बाष्प असते. अशा हवेचा दवबिंदू ९ अंशांच्या आसपास येतो. कॉइल ५ अंशांवर असली, तर तिच्यावर घनमीटरमागे ग्रॅमभर पाणी जेमतेम जमेल. झडीच्या दिवशी तापमान २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. आता त्याच घनमीटरमध्ये सुमारे २१ ग्रॅम बाष्प आहे. पाच अंशांच्या हवेत ७ ग्रॅमहून अधिक बाष्प मावत नाही, म्हणून उरलेले १४ ग्रॅम कॉइलवर पाणी होऊन बसणार. हे बाष्प द्रव होताना आपला अप्रकट उष्मा कॉइलला देते. आकडेमोड करून पाहिली, तर त्या घनमीटरभर हवेचे तापमान २५ वरून ५ अंशांवर आणायला सुमारे २४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि त्यातले १४ ग्रॅम पाणी पिळून काढायला ३४! म्हणजे पावसाळ्यात मोटारीचा एसी हवा थंड करण्यापेक्षा ती वाळवण्यावर जास्त खर्च करतो. गंमत म्हणजे विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी असे यंत्र आखले, तेही मुळात दमटपणा काबूत आणण्यासाठीच. हवेतील ओल बदलली की कागद फुगे-आकसे आणि रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नसत.

कॉइलवर पाणी जमण्यात काही वावगे नाही. ते पत्र्यांवरून ओघळते, खालच्या तबकात पडते आणि रबरी नळीने रस्त्यावर जाते. कॉइल शून्य अंशाच्या वर आहे तोपर्यंत हे बिनबोभाट चालते. ती शून्याखाली गेली की ओघळ थांबतो, कारण बर्फ वाहून जात नाही, जागेवरच बसतो. दोन पत्र्यांमधील फट असते एक-दीड मिलिमीटरची. दोन्ही बाजूंनी थोडथोडा बर्फ धरला तरी ती बुजते. फटी बुजल्या की हवा कमी जाते. हवा कमी गेली की कॉइलला मिळणारी उष्णता कमी होते, त्यामुळे ती आणखी थंड होते आणि बर्फ आणखी वेगाने वाढतो. शिवाय सुरुवातीला धरतो तो भुसभुशीत, हवा कोंडलेला बर्फ. तो उष्णतेला चांगलाच अडवतो. म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बर्फाची लादी आणि माणसे मात्र घामाघूम, असा विचित्र प्रसंग उभा राहतो.

हे तुम्हाला घरी पाहता येईल. स्टीलचे दोन पेले घ्या. एकात बर्फ आणि पाणी घाला. दुसऱ्यात तीन भाग बारीक फोडलेला बर्फ आणि एक भाग मीठ घालून ढवळा. पावसाळ्याच्या दिवसांत पहिल्या पेल्याला बाहेरून घाम फुटून थेंब खाली ओघळतील. दुसऱ्या पेल्याच्या आतले तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, आणि त्याच्यावर पांढरा थर धरून चिकटून राहील. नखाने खरवडून पाहा, पण ओले बोट त्या पेल्याला लावून ठेवू नका, कातडी चिकटते. हाच प्रयोग मे महिन्याच्या दुपारी करा आणि दोन्ही पेले किती वेळाने ओले होतात त्याची नोंद ठेवा.

आता नागपूरच्या त्या माणसाचे म्हणणे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९६ अंशांच्या आसपास उकळते, हे तुम्ही शिकला आहात. कॉइलमधील द्रवालाही हाच नियम लागू आहे. आर-१३४ए वर वातावरणाच्या सुमारे २.९ पट दाब असेल, तर तो शून्य अंशाला उकळतो. दाब दुपटीवर उतरला, की तो उणे १० अंशांना उकळतो. गळती होऊन गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, आणि त्याबरोबर उत्कलनबिंदूही. द्रव थोडाच असल्यामुळे तो कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच उकळून संपतो. तेवढा भाग कमालीचा थंड होऊन गोठतो आणि उरलेली कॉइल कोमट राहते. एकूण थंडावा कमी आणि तरीही बर्फ, असे दोन्ही एकदम घडते. मी गॅरेजात उभा राहून ‘गॅस कमी म्हणजे थंडी कमी’ एवढाच हिशेब केला होता. दाब विसरलो होतो!

मग आमच्या गाडीत गॅस कमी नव्हता हे कशावरून? केळझरला बर्फ वितळल्यावर झोत पूर्ण थंड होता. गॅस कमी असता तर अगदी सुरुवातीपासून, बर्फ धरण्याच्या आधीही, थंडावा अर्धवट वाटला असता. तरी एवढ्यावर न थांबता वर्ध्याला परतल्यावर एका जुन्याजाणत्या मेकॅनिककडून दोन्ही बाजूंचे दाब मोजून घेतले. ते योग्य होते. भरलेल्या यंत्रात आणखी गॅस कोंबला असता, तर काँप्रेसरवर नाहक ताण आला असता आणि पैसे गेले असते ते वेगळेच.

गॅसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्वी मोटारींत आर-१२ हा वायू असे. तो वातावरणाच्या वरच्या भागातील ओझोनला घातक ठरला, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने हटवला गेला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवून धरतो. मोटारीत तो साधारण अर्धा किलो असतो. म्हणजे गळती न शोधता दर वर्षी गॅस भरत राहणे आणि तो हवेत जाऊ देणे हे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. अशा वायूंचा वापर कमी करण्याचे २०१६ मध्ये किगाली येथे ठरले आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली.

दाब मोजून झाल्यावर मेकॅनिक म्हणाला, “सर, पहिले जाळी तर पाहू.” जाळी म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर. डाव्या बाजूचा कप्पा काढला की तो हाती येतो. त्याने तो ओढून काढला आणि आम्ही दोघेही पाहत राहिलो. फिल्टरवर करड्या रंगाची गादी बसली होती. धूळ आणि तिच्यात गुंतलेले कापसाचे तंतू! आमचा जिल्हा कापसाचा. हिंगणघाट, पुलगाव या बाजारांच्या वाटेवर हंगामात कापसाने भरलेल्या गाड्या जातात आणि रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांना कापूस लटकलेला दिसतो. आमच्या गाडीने दोन हंगाम हे तंतू गोळा केले होते. मी तो फिल्टर तोपर्यंत एकदाही काढून पाहिला नव्हता.

नवा फिल्टर घातला. झोतापुढे कागदाची पट्टी धरली, तर एकवर लोंबणारी पट्टी आता फडफडू लागली. मला वाटले, सापडले! पुढच्या रविवारी पावसातच हिंगणघाटकडे फेरी मारली. पंखा मुद्दाम एकवर ठेवला, बाहेरची हवा खुली ठेवली आणि प्रयोगशाळेतला तापमापक झोतात धरायला भाच्याला शेजारी बसवले. तो नववीत आहे. पूर्वी अर्ध्या तासात झोत मंदावत असे, या वेळी तासभर टिकला. पण मग पारा ४, ३, २ असा उतरत गेला आणि कागदाची पट्टी हळूहळू लोंबू लागली. भाचा म्हणाला, “मामा, तापमान कमी होत आहे म्हणजे एसी जास्त चांगला चालतो ना?” प्रश्न चांगला होता. हवा थोडी झाली म्हणून ती कॉइलपाशी जास्त रेंगाळत होती आणि जास्त थंड होऊन येत होती. नंतर फटी पूर्ण बुजल्यावर पारा उलट चढू लागला.

परतीच्या वाटेवर ध्यानात आले, की तासभरात ‘टक्’ असा आवाज एकदाही आला नाही. हा आवाज कसला? पट्ट्याची चाकी आणि काँप्रेसर यांच्यामध्ये विद्युतचुंबकाचा क्लच असतो. कॉइल फार थंड झाली, म्हणजे एक-दोन अंशांपर्यंत उतरली, की क्लच सुटतो आणि काँप्रेसर थांबतो. कॉइल चार-पाच अंशांवर आली की पुन्हा ‘टक्’ करून जोडला जातो. काही नव्या गाड्यांत क्लचची अशी उघडझाप नसते, तेथे काँप्रेसरचे कामच कमी-जास्त केले जाते. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या सुमारास मोटारीत पहिल्यांदा एसी बसवून दिला, तेव्हा त्यात क्लचही नव्हता आणि तापमान पाहणारे साधनही नव्हते. थंडी नको झाली तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, काँप्रेसरचा पट्टाच काढून ठेवावा लागे! आमची गाडी नकळत पॅकार्डच्या काळात गेली होती. काँप्रेसर एकदा सुरू झाला की थांबतच नव्हता.

क्लचला थांबण्याचा इशारा देतो तो कॉइलला लावलेला एक छोटा सेन्सर. त्यात थर्मिस्टर असतो. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. थर्मिस्टर अर्धवाहकाचा, त्याचे उलटे, तो थंड झाला की रोध वाढतो. मेकॅनिकने सेन्सर काढून दिला आणि मी तो कॉलेजात नेला. मल्टिमीटरला जोडून कोमट पाण्यात, साध्या पाण्यात आणि वितळत्या बर्फात बुडवून पाहिला. रोध शिस्तीत वाढत गेला. सेन्सर उत्तम होता! आता मी खरोखर गोंधळलो.

उलगडा मेकॅनिकनेच केला. सेन्सर पत्र्यांच्या मध्ये, कॉइलच्या सर्वांत थंड भागात खोचलेला असावा लागतो. आमच्या गाडीत तो निसटून बाजूला लोंबत होता. मार्चमध्ये कॉइल धुवून घेतली होती, तेव्हा तो परत खोचायचा राहून गेला असावा. कॉइल शून्याखाली गेली तरी शेजारच्या हवेतला सेन्सर सात-आठ अंश सांगत होता. तो बिचारा खरेच सांगत होता, पण जागा चुकली होती.

मग मार्चपासून असलेला हा दोष मे महिन्यात का दिसला नाही? उन्हाळ्यात आम्ही पंखा चारवर ठेवतो. तापलेले छप्पर, काचांतून येणारे ऊन आणि पंख्याने ढकललेली भरपूर गरम हवा यांची उष्णता उचलता उचलता कॉइल शून्यापर्यंत उतरतच नव्हती. पुढच्या जाळीलाही ४५ अंशांच्या हवेत उष्णता टाकावी लागत असल्यामुळे यंत्राची ताकद त्या दिवसांत कमीच पडते. काँप्रेसरला थांबण्याचे कारणच नव्हते, त्यामुळे थांबवणारा जागेवर नाही हे कोणाला कळणार? जुलैमध्ये ऊन नव्हते, बाहेर २५ अंश होते, महामार्गावर इंजिन वेगात असल्याने काँप्रेसर जोरात फिरत होता आणि आईच्या सांगण्यावरून पंखा एकवर होता. तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा आणखी कमी झाली. थंड करण्याची ताकद भरपूर, पण थंड करायला हवाच थोडी! त्यात बाहेरची झडप खुली असल्याने बाष्पाचा पुरवठा सतत चालू. तासाला साठ घनमीटर हवा आत येत होती असे धरले, तर वरच्या हिशेबाने पाऊण किलोहून अधिक पाणी कॉइलवर जमते. केळझरच्या टपरीपाशी गाडीखाली जी धार पाहिली, ती याच पाण्याची.

तुमच्या घरच्या किंवा शाळेच्या गाडीत असे झाले तर वाटेतला उपाय सोपा आहे. एसीचे बटण बंद करा, पंखा मात्र चारवर चालू ठेवा. आतल्या हवेच्या उष्णतेने दहा-वीस मिनिटांत बर्फ वितळतो. कॉइलला टोकदार वस्तू कधी लावू नये. नळी फुटली तर सगळा गॅस जातो. बर्फ धरलेला असताना एसी तसाच रेटणेही बरे नाही, कारण न उकळलेला द्रव काँप्रेसरपर्यंत पोहोचू शकतो आणि वाफ दाबण्यासाठी केलेल्या त्या यंत्राला द्रव दाबता येत नाही. बर्फ वितळूनही गाडीखाली पाणी पडले नाही, तर रबरी नळी तुंबली आहे असे समजा. ते पाणी मग पायांखालच्या सतरंजीत उतरते.

ऑगस्टमध्ये आईला पुन्हा नागपूरला नेले. त्या दिवशीही पाऊस होता, पंखा एकवर होता आणि बाहेरची हवा खुली होती. भाच्याने तापमापक धरला होता. पारा ६ आणि ९ अंशांच्या दरम्यान वरखाली होत राहिला आणि मिनिटा-दोन मिनिटांनी ‘टक्’ ऐकू येत होते. केळझर मागे पडल्यावर आईने विचारले, “हा कशाचा आवाज रे? काही बिघडलं का?” भाच्याने तिला थर्मिस्टर समजावून सांगायला सुरुवात केली. बुटीबोरी येईपर्यंत ती झोपली होती.